छत्तीस टक्के नत्राचा खुलासा

चि. टिटवीस,

काकाचे पोटभर आशीर्वाद. तुझी पाठ आता कशी आहे? खोलीतल्या मैत्रिणीची सर्दी उतरली का? तुझ्या सरांची अक्कलदाढ काढायची होती, ती निघाली की अजून ठाण मांडून बसली आहे? आणि त्या तिन्ही परदेशी शेणाच्या ढिगांची तब्येत बरी ना? (विचारायला हवं. एका तक्त्यात बसलो म्हणजे भावकीच झाली.) इकडे मी ठणठणीत. काकूचा गुडघा कुरकुरतो, पण काकूपेक्षा कमी. सोळाही गाई खुशाल.

तुझं पत्र पोचलं. चार देशांत शेण एकाच रीतीनं मुरवलं आणि तीन महिन्यांत कुठे किती नत्र उडालं, तो तक्ता चष्मा पुसून दोनदा वाचला. एका देशात शंभरातले नऊ भाग गेले, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात चौदा, आणि आपल्याकडे छत्तीस! सर म्हणतात, एक तर तुमच्याकडची रीतच गळकी, नाहीतर काकांच्या हातून घोळ झाला. महिनाअखेरपर्यंत खुलासा आला नाही तर तुमची ओळ काढून टाकू. म्हणजे माझी पुतणी चार वर्षं राबणार आणि तिच्याच तक्त्यात तिचा देश नाही. हे वाचलं आणि हातातला चहा गार झाला.

तर खुलासा. आधी ढीग कसा रचला ते ऐक, कारण त्यात खोट काढणारा अजून जन्मायचा आहे. खाली वीतभर पेंढा, वर शेण, त्यावर तू सांगितलेलं आंबट पाणी, पुन्हा पेंढा. पायानं दाबून दाबून असा बसवला की गवंडी ओळंबा लावून गेला आणि म्हणाला, "काका, माझ्या भिंती एवढ्या सरळ येत नाहीत." (हे तो स्वतःहून म्हणाला. मी फक्त तीनदा विचारलं.) वर जाड प्लास्टिक, कडेनं विटा. तुझा कागद गोठ्याच्या दाराला चिकटवला : 'झाकणाला तीन महिने हात लावू नये.' पहिले आठ दिवस मी तिकडे खोकलोसुद्धा नाही.

नवव्या दिवशी टपालवाल्या बाई आल्या. तुझं पाकीट देता देता म्हणाल्या, "पुतणी तिकडे करते तरी काय हो?" मी म्हटलं, नत्र. त्या म्हणाल्या, "म्हणजे नोकरी नाही लागली अजून?" आता सांग, मी काय करायचं? नत्र डोळ्यांना दिसत नाही, हातात धरून दाखवता येत नाही. मग म्हटलं, या इकडे. दोन विटा सरकवल्या आणि कोपरा उचलला. असा भपकारा आला की बाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मी म्हटलं, "हे नाकाला झोंबतंय ना, हेच ते. हे उडून न जाता शेताला मिळावं म्हणून आमची टिटवी झटते." त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मोठं काम आहे हो पोरीचं."

झालं. त्या दिवसापासून माझा हात राहीना. गुरांचे डॉक्टर आले, उचललं झाकण. न्हावी आला, उचललं. व्याही दोन बहिणींना घेऊन आले, तेव्हा तर सगळंच प्लास्टिक गुंडाळून ठेवलं, कारण धाकटीला सर्दी होती आणि तिला नीट वास येईना. काकू ओरडली, "अहो, ती पोरगी जे धरून ठेवायला सांगते, ते तुम्ही गावभर वाटताय!" मी म्हटलं, तुला शास्त्र कळत नाही. (हे वाक्य मी या पत्राद्वारे मागे घेत आहे. काकू शेजारीच बसली आहे.)

तेव्हा सरांना सांग, रीत गळकी नाही, हवा वाईट नाही, गाई तर मुळीच नाहीत. गळका आहे तो एकटा काका. ओळ काढायची तर खुशाल काढा, पण ते छत्तीस देशाच्या नावावर नको, माझ्या नावावर लिहा. मला त्याची लाज नाही. तू काय करतेस हे आता इथे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तेही नाकानं.

तुझा काका

ता. क. झाकण किती वेळा उघडलं, कोणासाठी आणि किती मिनिटं, हे सगळं वहीत लिहिलं आहे. एकूण त्रेचाळीस वेळा. वही सोबत पाठवतो. दर पाहुण्यामागे किती नत्र उडतं, हे बाकीच्या तीन देशांना काढता आलंय का, विचार त्यांना.

ता. क. २. सोमवारी नवा ढीग रचला आहे, पहिल्याहून सरळ. सरांच्या हातापाया पडून तीन महिने मागून घे. आणि एक दणकट कुलूप पाठव. किल्ली तिकडेच ठेव. काकूजवळ दिलीस तर मी गोड बोलून काढून घेईन.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात दुधाचा टेम्पोवाला आला. बिचारा पहिल्या ढिगाच्या वेळी गावाला गेला होता. बोटभरच उचललं. तेव्हा तीन महिने सोमवारपासून न धरता आजपासून धर. उत्तर लवकर टाक, कुलूप त्याहून लवकर.