कर्ण्यावरचा पोचा

बदनापूर,
दसऱ्याचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप दादास धाकट्या सुहासिनीचा नमस्कार.

आठवतंय का, परतूरला रविवारी न्हाणं झालं की आपण ओल्या केसांनीच फोनोग्राफपुढे बसायचो? चावी मी फिरवायची, सुई तू ठेवायचास, आणि गाणाऱ्या बाईंचा आवाज जाड होत पुरुषासारखा झाला की ओरडायचास, "सुहासे, झोपलीस का!" तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचं ऐकतोस, की अजून जाहिरातीतली मलमं आणतोस? इकडे सगळं बरं. (माझी साखर सोडून, तिची चौकशी करू नकोस.)

नानांच्या वस्तू वाटल्या तेव्हा फोनोग्राफची पेटी मला आली आणि तिचा कर्णा तू नेलास. ("त्याच्यापायी मार मी खाल्लाय," असं म्हणून. त्यानंतर अकरा वर्षं आपण फक्त लग्नकार्यात बोललो.) उन्हाळ्यात मी पेटी इथल्या मुकुलरावांच्या संग्रहालयाला दिली. शेतकी खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ. घराच्या वरच्या मजल्यावर सत्तावीस जुने फोनोग्राफ मांडलेत, आणि प्रत्येकापुढे पाटी, 'हात लावू नये'.

परवा खंडेनवमी. नाना त्या दिवशी फोनोग्राफची पूजा करायचे, म्हणून मी हळद-कुंकू आणि झेंडू घेऊन गेले. (पाटी मी वाचली. पण ती पाहुण्यांसाठी. मी तर पेटीच्या माहेरची.) आपल्या पेटीला बोटं लावली, मग बाकीच्या सव्वीस जणी बघत राहिल्यात असं वाटलं आणि ते बरं दिसेना. मुकुलराव चहा घेऊन वर आले तेव्हा मी एकोणिसावीपाशी होते. ते ट्रे घेऊन तसेच पायरीवर बसले. ओली हळद जुन्या पॉलिशात मुरते, हे मला कोणी सांगितलं होतं? झाडायला आलेल्या द्वारकाबाई म्हणाल्या, "साहेब, कायला तोंड पाडून राह्यले? सवाष्णीवानी दिसून राह्यल्या न्हाई का साऱ्या!"

काल अख्खा गाव सोनं वाटत होता आणि मी कापसाचे बोळे घेऊन हळद पुसत होते. शेवटी मुकुलरावांनाच माझी दया आली; त्यांनी आपली पेटी वाजवून दाखवली. दादा, तिला त्यांनी कुठल्याशा मोडक्या यंत्राचा निळा कर्णा बसवलाय. निळा! उसनं जाकीट घालून फोटोला बसल्यासारखी दिसते. गाणं तेच, आवाज आपल्या घरचा नाही. दिवाळीच्या पाडव्याला संग्रहालय सगळ्यांसाठी उघडणार. तोवर आपला लाल कर्णा आला नाही, तर निळाच कायमचा.

तुझी,
सुहासिनी

ता. क. कर्णा कुरियरने पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये. मी स्टेशनवर येते.

आणखी ता. क. त्यावरचा पोचा कोणाला ठोकून काढू देऊ नकोस. तो माझा आहे. कर्णा डोक्यावर घालून मी राणी झाले होते आणि न्हाणीच्या पायरीवर घसरले. नानांनी विचारल्यावर मी तुझ्याकडे बोट दाखवलं. कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, चूक कबूल केली की मन हलकं होतं. मला पंचावन्न वर्षं लागली, आणि अजून काही हलकं वाटत नाही. तू आलास की बघू.

तर कर्णा मुकुलरावांना. पाडव्याला चावी फिरवायचा मान तुझ्या नातीला, जान्हवीला. माझा खांदा आता धरतो. सुई मात्र तूच ठेवायची. सुयांची रिकामी डबी द्वारकाबाईंना, त्यांना झाकणावरचं कुत्रं आवडलंय. डबाभर शंकरपाळे तुला. आणि तो मार माझ्या वाटणीचा आहे, तो मला परत दे. फक्त जान्हवीसमोर नको.