सतरा नंबरची चिठ्ठी

३ जानेवारी

परत तीच! सतरा नंबर! फलकावर फोटो, मॅनेजरशी हस्तांदोलन, सगळ्यांच्या टाळ्या. मीही वाजवल्या — जरा जास्तच जोरात, कुणाला कळायला नको म्हणून.

सलग तिसऱ्यांदा समुद्रावर जाणार. सहा दिवस भरपगारी रजा, कंपनीचा बंगला, सहकुटुंब. का? तर तीन महिन्यांत तिच्या खोक्यांतून सगळ्यांत कमी कप फुटून परत आले. आमचे काय हात मोडलेत?

११ जानेवारी

आली फिरून. काळी पडलीये, पण खूश. माझ्या मुलीसाठी शिंपले आणलेत! आम्ही कपबश्या गुंडाळतो तसे, एकेक कागदात गुंडाळून. कार्टी आता शिंपला कानाला लावूनच बसते. "आई, आपण कधी जायचं?" नवरा म्हणाला, "आईचा नंबर लागला की." याला कुणी विचारलं होतं?

२ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत सतरा नंबर माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर म्हणाली, "हिच्या डाव्या हाताच्या कागदाच्या घड्या मी डोळे झाकून ओळखेन. शिकवताना घाम फुटला होता मला!" सगळ्या हसल्या. मीही हसले. अंगाचा नुसता तिळपापड! शिकवलं म्हणून काय जन्मभर ऐकवणार?

या वेळी माझा एकही कप परत आलेला नाही. तिचाही नाही. पण खोकी तिची जास्त भरतात. म्हणजे बरोबरी झाली तरी बक्षीस तिलाच.

१९ फेब्रुवारी

पंख्यानं तिच्या चिठ्ठ्या उडाल्या. प्रत्येक खोक्यात आपापल्या नंबराची चिठ्ठी टाकायची असते, माल फुटला तर कुणी बांधला ते कळावं म्हणून. चिठ्ठी बदलली तर नोकरी गेली — तशी पाटीच आहे दारावर.

मी सगळ्या गोळा करून तिला दिल्या. एक सोडून.

२० फेब्रुवारी

केलं! एका कपाला एकच पदर कागद, कपाचा कान खोक्याच्या कडेला टेकवून. वर सतराची चिठ्ठी. मग दिवसभर इतकं बरं वाटलं की माझीच मला लाज वाटली. थोडी.

४ मार्च

अजून काही नाही. मेला फुटला की नाही?

१३ मार्च

आलं परत! सुपरवायझरनं तिला सगळ्यांसमोर बोलावलं. तिनं कपाकडे बघितलंच नाही. त्याचा कागद उचलला. उलटून पाहिला. परत उलटून पाहिला. आता म्हणणार — हे माझं काम नाही!

म्हणाली, "घाईत झालं असेल. माझीच चूक."

म्हणजे बाईचा स्वतःच्या हातांवरही भरवसा नाही! हिचं एवढं कौतुक चाललं होतं?

२ एप्रिल

मी! माझा फोटो! मुलगी घरभर नाचतेय. सतरा नंबरनंही टाळ्या वाजवल्या. माझ्या मुलीसाठी उन्हाची टोपी घेऊन आली होती. "लाटांत ने तिला, पण हात सोडू नकोस गं." हरल्यावर दिलदारी सुचतेय! टोपी घेतली मी. छान आहे.

९ एप्रिल

मुलीनं 'शिंपल्यांच्या मावशी'साठी शिंपले जमवलेत. कंपनीच्या बंगल्याच्या व्हरांड्यात बसून मी ते कागदात गुंडाळत होते. कार्टी बारकाईनं बघत होती. म्हणाली, "आई, तू उलट्या बाजूनं दुमडतेस. मावशीचे असे नव्हते."

माझा हात तिथंच थांबला.

सतरा नंबरनं तो कागद उलटून पाहिला तेव्हाच ओळखलं होतं. एक शब्द बोलली असती तर माझी नोकरी गेली असती.

उरलेले शिंपले मला गुंडाळता आले नाहीत.