भिमाजीच्या नावापुढचा डी.

१२ नोव्हेंबर १९४५, सोमवार

पोचलो एकदाचा! घोडेगावाहून वाडी दीड कोस, पण बैलगाडीनं हाडं खिळखिळी केली. तरी मन मोठं प्रसन्न आहे. दगडी खोली, पुढं तीन पायऱ्या. आत एका कोपऱ्यात फळा, दुसऱ्या कोपऱ्यात पोस्टाची पेटी आणि शिक्का. शाळामास्तर मी आणि पोस्टमास्तरही मीच. मागच्या पडवीत माझी चूल. पोरं एकोणीस, सगळी शेंबडी, पण गोड आहेत.

नगरला मला काळं कुत्रं विचारत नव्हतं. इथं पागोटंवाले म्हातारे थांबून 'राम राम, नृसिंह मास्तर' म्हणतात. समोरच्या घरातल्या रंगनाथनं भाकरी आणि ठेचा पाठवला. मग स्वतः येऊन इंग्रजी कितपत येतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, सगळं! मॅट्रिकला इंग्रजीतच दोनदा आपटलो, हे त्याला कशाला सांगायचं?

१९ नोव्हेंबर

आज पारावर माझी मैफल रंगली. रंगनाथनं आपली दवाखान्यातली चिठ्ठी दाखवली. तिच्यावर नावापुढं नुसतं 'डी.' लिहिलेलं. म्हटलं, दवाखान्यात डी. म्हणजे डिस्चार्ज, जा घरी. मग सुटलोच. रेल्वेत डी. म्हणजे डाऊन गाडी. कोर्टात डिक्री. बचतीच्या पुस्तकात डिपॉझिट. रोमन आकड्यांत तर चक्क पाचशे! इंग्रजी शाळेत डी. म्हणजे ढ पोरांची तुकडी. (मी त्याच तुकडीत होतो. हे बोललो नाही.) मंडळी आ वासून ऐकत होती. मच्छिंद्र गुराखी म्हणाला, लई डोकं हाय मास्तरला. मला आभाळ ठेंगणं झालं.

२८ नोव्हेंबर, बुधवार

आज जे झालं ते लिहून काढतो.

डाकवाल्यानं एक तपकिरी सरकारी पाकीट आणलं. रंगनाथचा धाकटा भाऊ भिमाजी फौजेत ब्रह्मदेशात आहे. आठ महिने त्याचं पत्र नाही. पाकीट त्याची बायको कडूबाई हिच्या नावाचं. ती आली, मागे रंगनाथ आला, त्यामागे निम्मं गाव. आत छापील इंग्रजी कागद. नंबर, नाव, आणि नावापुढं शाईनं 'डी.' बाकी छापील मजकूर मला लागला नाही. खरं सांगायचं तर एक ओळही लागली नाही.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. रंगनाथनंच हळूच विचारलं, गेला का आमचा भिमा? इंग्रजीत मेलेल्याला डेड म्हणतात एवढं मला ठाऊक होतं. 'मला कळत नाही' एवढे तीन शब्द बोलायचे होते. नऊ दिवसांपूर्वी पारावर मिरवलेलं तोंड उघडेना.

मी मान हलवली. तेवढंच केलं.

कडूबाईनं तिथंच पायरीवर हात आपटले. बांगड्यांच्या काचा अजून पडल्या आहेत. झाडायचा धीर होत नाही.

१० डिसेंबर

तेरावा झाला. प्रेत नाही म्हणून पहिल्याच दिवशी पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला होता. आज मला पहिल्या पंगतीला बसवलं. रंगनाथ हात जोडून म्हणाला, तुमी हुता म्हून कळलं तरी, न्हाईतर आमी वाट बघत बसलो असतो.

१४ डिसेंबर

पोस्टाचे इन्स्पेक्टर दत्तोपंत तपासणीला आले. जेवताना सहज म्हणून विचारलं, फौजेच्या कागदावर डी. म्हणजे हो काय? ते ताकाचा घोट घेत म्हणाले, डिस्चार्ज. लढाई संपली, हजारो पोरं सुटताहेत. मेल्याची तार येते, असा कागद नाही येत.

म्हणजे भिमाजी जिवंत आहे. घराकडे निघाला आहे.

दत्तोपंत कधी गेले, मला कळलं नाही. उद्या सकाळी रंगनाथला सांगतो. चपला मारल्या तर खाईन.

१८ डिसेंबर

सांगितलं नाही. रोज निघतो. काल त्याच्या बांधापर्यंत गेलो. तो 'या मास्तर' म्हणून आदरानं उठला आणि मी पाण्यापावसाचं बोलून परत आलो. थू माझ्या जिंदगानीवर!

२१ डिसेंबर, शुक्रवार

आला.

भर दुपारी. तापानं पिवळा पडलेला, दाढी वाढलेली, खांद्यावर वळकटी. आपल्याच घरापुढं उभा राहून त्यानं कडूबाईला हाक मारली. आतून एक किंकाळी आली आणि दाराला कडी लागली. वाडीची रीतच आहे: ज्याचे दिवस घातले, त्याच्या हाकेला ओ द्यायची नाही. ओ देणाऱ्याला तो सोबत घेऊन जातो. रंगनाथ त्याच्यासमोरून मान खाली घालून गुरं घेऊन गेला. भाऊ त्याचा! मच्छिंद्र कुजबुजला, सरकारचा कागद खोटा आसंल व्हय? मास्तरनी वाचलाय.

भिमाजी दारोदार फिरला. शेवटी माझ्या पायरीवर येऊन बसला. म्हणाला, मास्तर, पानी द्या. ही मानसं आशी का करत्यात?

रंगनाथ समोरच्या ओट्यावरून बघत होता. मी पाणी दिलं असतं, तर का दिलं ते सांगावं लागलं असतं.

मी पाढे घेत राहिलो. जणू पायरीवर कुणीच नाही.

२३ डिसेंबर

तीन दिवस तो पायरीवर आहे. अंग पेटलंय तापानं. आडावर जातो तर बाया दोर ओढून घेऊन पळतात.

आज कडूबाई मागच्या पडवीत आली. सोबत रंगनाथ. कागद पुढं धरून म्हणाली, येकदा परत वाचा. आक्षर चुकलं आसंल तर मी दार उघडते.

एवढंच हवं होतं तिला. तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलं.

मी कागद घेतला. उजेडात धरला. वाचल्यासारखं केलं. म्हटलं, तेच आहे.

देवा, मी परत तेच म्हटलं.

२५ डिसेंबर

गेला. सकाळी पायरीवर थंड पडला होता. मी हात लावून पाहिलं. आता खरंच —

कुणी उचलेना. रंगनाथ म्हणतो, येकदा जाळलेल्याला परत कसं जाळायचं? पोरं त्याला ओलांडून शाळेत आली.

२६ डिसेंबर

मीच ओढत नेला ओढ्यापलीकडे. दगड रचले. अंत्यविधीचा एकही मंत्र आठवला नाही. ब्राह्मणाचा जन्म!

२७ डिसेंबर

सकाळी अकराचा सुमार. पोरं धडा वाचत होती. पायरीवरून आवाज — मास्तर, पानी.

एकोणीस पोरांनी एकदम माना खाली घातल्या. म्हणजे त्यांनाही —

पुन्हा दुपारी. पाणी नको म्हणाला. माझ्या नावापुढं काय लिवलंय तेवढं सांगा म्हणाला. रागावून नाही. अगदी नम्रपणे.

२८ डिसेंबर

पोरं आली नाहीत. आवाज आता पायरीवर नाही. उंबऱ्याच्या आत —

२९ डिसेंबर, सकाळ

ओ दिली मी. पारावर जाऊन, सगळ्यांपुढं, ओरडून. मला इंग्रजी येत नाही! कागदात सुटका होती! तो जिवंत होता, मला ठाऊक होतं, मी मारला त्याला!

कुणी मारायलाही उठलं नाही. रंगनाथनं मान खाली घातली. मच्छिंद्रनं गुरं वळवली. भिमाजीसमोरून गेले होते, तसेच माझ्या समोरून गेले सगळे. मी रंगनाथचा हात धरला, तर तो डोळे मिटून राम राम पुटपुटत राहिला.

दुपार

कडूबाई आली आहे. एकटी. हातात पाण्याचा तांब्या. मी उठलो, म्हटलं, बाई, मला क्षमा —

ती माझ्याकडे बघत नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघते आहे. डोक्यावरचा पदर सारखा केला. हसली. विचारते आहे, कवा आलात?

मी मागे वळणार नाही. लिहीत राहीन. तो सांगतोय तिला — माझ्या मानेवर श्वास — म्हणतोय, मास्तरना इचार, त्येंनी —