एअरटाइट ह्यूमस आणि सुभद्राची अबोली

४ मार्च, मंगळवार

सुभद्रा सकाळच्या गाडीने पुण्याला गेली. आमच्या लेकीचं, अक्षयाचं बाळंतपण. म्हणजे मेच्या मध्यापर्यंत वेंगुर्ल्यात मी एकटा. घरासाठी दोन पानं सूचना: गॅस, दूध, मांजर, माझ्या गोळ्या. अबोलीच्या कुंडीबद्दल मात्र निघताना एकच वाक्य बोलली. "तिका कायएक करू नका. नुसता पाणी घाला."

ही अबोली तिच्या आईने मसुऱ्याहून स्वतः आणून लावून दिलेली. आईला जाऊन सात वर्षं झाली. आजवर त्या कुंडीला मला हात लावू दिला नव्हता. (मोगरा गेला तो हवामानामुळे. कढीपत्ता गेला तो त्याच्या स्वभावामुळे. पण बायकांना कारणं ऐकायची नसतात.) आता ती माझ्यावर सोपवली. चौतीस वर्षांत हा पहिला विश्वास. खरंच भरून आलं.

जाण्याआधी ती काहीतरी झाकलेलं घेऊन शेजारी फ्रान्सिस्काबाईंकडे गेली आणि अर्ध्या तासाने मोकळ्या हाताने आली. निरोप घेणं काही लवकर संपत नाही हिचं.

संध्याकाळी पाहिलं तर अबोली कालच्यापेक्षा लहान वाटली. झाडांनाही विरह होत असणार.

५ मार्च

'नुसतं पाणी' ही बचावात्मक पॉलिसी झाली. एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेला माणूस नुसतं पाणी घालत बसणार नाही.

दुपारभर व्हिडिओ पाहिले. सगळं कळलं. पालापाचोळा, सालं वगैरे कुजून कुजून शेवटी जो काळा, भुसभुशीत, पाणी धरून ठेवणारा भाग उरतो तो ह्यूमस. आमची माती जांभ्याची. लाल. पाणी इकडून घातलं की तिकडून पसार. तेव्हा उपाय एकच.

संकल्प: सुभद्रा येईपर्यंत अबोली कमरेएवढी. झाकणबंद, नळवाला निळा ड्रम ऑर्डर केला.

७ मार्च

ड्रमसाठी विहिरीमागची जागा पक्की केली. तिथे सुभद्राचा ढीग होता. वीस वर्षं ती तिथे भाजीची सालं, फणसाचा वाळका पातेरा, चुलीची राख टाकते आणि मासे धुतलेलं पाणी ओतते. शास्त्र शून्य. वाससुद्धा येत नाही, म्हणजे आत काही प्रोसेस चालूच नसणार.

बागकामाला येणाऱ्या बाबूला सांगितलं, सगळं उपस. वरचा पाला काढल्यावर खाली नुसतं काळंकुट्ट. बाबू मूठभर हातात घेऊन म्हणाला, "काकानू, ह्यो कचरो नाय. ही सोन्यासारखी माती आसा." बाबू माणूस चांगला, पण त्याच्याकडे नेट नाही. म्हटलं, कुठेही टाक. त्याने अकरा टोपल्या कुंपणापलीकडे फ्रान्सिस्काबाईंकडे नेऊन ओतल्या. बाईंनी माझे दोनदा आभार मानले. शाळेत शिक्षिका होत्या त्या, पण शेवटी भोळ्या.

१० मार्च

ड्रम आला. देखणा आहे. व्हिडिओत हवा खेळती ठेवायला सांगतात, पण हवा खेळली की सत्त्व उडून जाणार, हे साध्या बुद्धीला कळतं. झाकणाच्या फटी टेपने बंद केल्या. एअरटाइट.

ड्रममध्ये विरजण म्हणून गूळ मोजून घालायला चमचा घेतला, तेव्हा जुनी जखम उघडी पडली. सासूबाईंनी दिलेल्या सेटमधले चमचे पाचच आहेत. प्रत्येकावर 'सुभद्रास आईकडून' असं कोरलेलं. सहावा बारा वर्षांपूर्वी हरवला. मी त्याने रंगाचा डबा उघडला आणि कुठेतरी टाकला, असा सुभद्राचा आरोप. पुरावा काहीही नाही. तरी दर गौरी-गणपतीला विषय निघतो.

१६ मार्च

काजूचा सीझन. बिया काढून घेतलेली बोंडं बाबूने चार घमेली आणून दिली. सगळी ड्रममध्ये. फुकटचा माल, वर रसाळ. हे त्या व्हिडिओवाल्यांना सुचलेलं नाही.

२३ मार्च, रविवार

ड्रम आतून गुरगुरतो. जिवंत प्रक्रिया! वास मात्र ओळखीचा येतोय, नक्की कशाचा ते आठवत नाही.

संध्याकाळी फ्रान्सिस्काबाईंचे यजमान वॉल्टर कुंपणाशी बराच वेळ डोळे मिटून उभे. मला वाटलं प्रार्थना. मग म्हणाले, "परशुराम, वास बरो येता रे! कितल्या दिसाचा?" म्हटलं, तेरा दिवसांचा. त्यांनी मान हलवली. त्यांचे इस्टरपर्यंतचे उपास चालू आहेत, दारू बंद. "इस्टर होवंदे, मगे बघूया," म्हणाले. ह्यूमसबद्दल इतकी आस्था असलेला माणूस प्रथमच भेटला.

२९ मार्च

नवा विचार. मासळीचं खत उत्तम, हे सगळ्यांना माहीत. पण ताजी मासळी दोन दिवसांत खराब होते. खारवलेला बांगडा वर्षभर टिकतो. म्हणजे त्याचं खतही तेवढंच टिकाऊ होणार! ड्रममध्ये घालायला बाजारातल्या सुशीलाकडून खाऱ्या बांगड्याची डोकी आणि तळाचा चुरा आणला, पाच किलो. कशाला हवं, विचारत होती. म्हटलं, फुलझाडाला. तिने शेजारच्या कोळणीकडे पाहिलं. आदर वाटला असावा.

५ एप्रिल

नळातून काळं पाणी यायला लागलं. ह्यूमसचा अर्क! आजपासून अबोलीला रोज एक तांब्या.

सुभद्राचा फोन. नात झाली! दोघी सुखरूप. शेवटी म्हणाली, "माझी अबोली बरी आसा मा?" म्हटलं, येशील तेव्हा बघ. यावर हसली. नातीचा आनंद.

१२ एप्रिल

अबोलीच्या पानांच्या कडा तांबूस झाल्या. अर्क मुळापासून टोकापर्यंत पोचला, याचा हा पुरावा. डोस दुप्पट केला.

१७ एप्रिल

पानं गळताहेत. जुनी जाणार, नवी येणार. बाबू कुंडीजवळ उकिडवा बसला, माती बोटाला लावून चाटली आणि थुंकला. "काकानू, झाडाक मीठ लागला." त्याला म्हटलं, माती चाटून परीक्षा करण्याचे दिवस गेले.

रात्री फळसंशोधन केंद्राला पाठवायच्या पत्राचा मसुदा केला. विषय: खारवलेल्या बांगड्याचा ह्यूमसमध्ये अभिनव वापर. फोटो नंतर जोडावेत.

२१ एप्रिल, सोमवार

काल इस्टर झाला. आज सकाळी आठलाच वॉल्टर हजर, इस्त्रीचा शर्ट, खिशात छोटा ग्लास. म्हटलं, चला, उद्घाटन तुमच्याच साक्षीने. टेप कापली. क्लॅम्प सैल केला.

झाकण माडाच्या अर्ध्या उंचीपर्यंत गेलं. बाकीचं आमच्यावर आलं. काजूची बोंडं आणि खारा बांगडा एकत्र तीन आठवडे कोंडल्यावर जे होतं त्याला मराठीत शब्द नाही. मांजर समोरच्या घरांच्या आवाठात राहायला गेलं.

वॉल्टरनी खिशातला ग्लास काढला, पाहिला, परत ठेवला. जाताना एवढंच म्हणाले, "पुढच्या इस्टरापर्यंत नाय पिणंय." माणसात चिकाटी नाही.

ड्रममध्ये ह्यूमस शोधला. अजून तयार व्हायचा आहे.

६ मे

अबोली गेली.

चार दिवस मी तिला सुप्तावस्था म्हणत होतो. आज काडी हलवली तर मुळासकट हातात आली. धुतली, पुसली, परत लावून पाहिली. साठीचा माणूस काडीशी बोलत होता, हे इथे लिहून ठेवतो, कुणाला सांगणार नाही. तिच्या आईच्या हातची एकच गोष्ट या घरात वाढत होती. सुभद्राला काय सांगू? भीती वाटली. जेवलो नाही.

७ मे

प्लॅन बी. वेंगुर्ल्यात अबोलीचा दुष्काळ नाही. एक झाड आणायचं, त्याच कुंडीत लावायचं, चेहरा सरळ ठेवायचा.

फ्रान्सिस्काबाईंकडे गेलो आणि उभाच राहिलो. वांगी, मिरच्या, झेंडू, सगळं दाटलेलं. व्हरांड्यात तर कुंडीत अबोली, गुडघ्याच्या वर, फुलांनी लगडलेली. यांच्याकडे अबोली कधी होती? काडी मागितली. बाई म्हणाल्या, सुभद्रा आली की तिलाच विचारा. म्हटलं, बरं, निदान माती तरी द्या. अशी माती वेंगुर्ल्यात पाहिली नाही. काळी, मऊ, पावसानंतर येतो तसा वास. कशी बनवलीत, विचारलं. "मी कायएक करूक नाय, भाऊ. इली तशी घातलंय." जाणकार माणसं फॉर्म्युला सांगत नाहीत. तरी एक गोण भरून दिली.

घरी येऊन कुंडीत ओतली. काहीतरी खणकन वाजलं. स्टीलचा चमचा. धुतला. 'सुभद्रास आईकडून.' टोकाला निळा ऑइल पेंट.

हा चमचा फ्रान्सिस्काबाईंच्या मातीत कसा गेला, यावर बराच वेळ विचार केला. विचार पूर्ण केला नाही.

१४ मे, बुधवार

सुभद्रा आली. मी दारातच सगळं सांगायला सुरुवात केली: हवामान, विरह, सुप्तावस्था. ती माझ्याकडे न बघता कुंपणाशी गेली. पलीकडून फ्रान्सिस्काबाईंनी ती लगडलेली कुंडी उचलून तिच्या हातात दिली.

"आवशीचा झाड मी हिच्याकडे ठेवलेलंय," सुभद्रा म्हणाली. "तुमच्याकडे होती ती नुसती फांदी. तुमी कायतरी करतलात, माका म्हायत होता."

म्हणजे चौतीस वर्षांतला पहिला विश्वास एका काडीएवढा होता. वाईट वाटलं. पण झाड जिवंत आहे, हे बघून सुटलो असंही वाटलं, आणि ते जास्त वाटलं.

चमचा पुढे केला. तिने तो पदराने पुसला, अक्षरांवरून अंगठा फिरवला. निळा रंगही पाहिला. डोळे भरले. म्हटलं, आता शांतता आहे तोवर आत जावं.

तेवढ्यात ती पाणी काढायला विहिरीवर गेली.

"विहिरीमागचो ढीग खंय गेलो?"

१६ मे

बाबूने सात टोपल्या परत आणल्या. उरलेल्या चार फ्रान्सिस्काबाईंच्या वांग्यांनी ठेवून घेतल्या. ड्रम वॉल्टरना पाणी साठवायला देऊ केला. नको म्हणाले.

सुभद्राने मला बागेतलं एक काम दिलंय. रोज दुपारी सालं विहिरीमागे नेऊन टाकायची. झाकण नाही, डोस नाही. टाकण्याआधी घरातले चमचे मोजायचे.

आज मोजले. सहा.