डब्यातला कापूर

गिरगाव,
ता. २७ ऑक्टोबर १९५८

ती. स्व. बाबांस दत्तारामचा शि. सा. न. वि. वि.

राधाआत्याकडे आहे. रागानेच लिहितोय. तुमची खंडेनवमी माझी नोकरी खाणार! परदेशी उपग्रहात बसवायच्या यंत्राचा डबा प्रयोगशाळेतून एका रात्रीपुरता घरी आणला. तुम्ही त्याला हळदकुंकू वाहिलंत, ते मी पुसलं. पण आत तारांमागे कापूर कशाला खोचलात?

वर, जिथं उपग्रह फिरतात, तिथं हवा नसते. अशा जागी कापूर, तेल भराभर उडतं आणि गार काचेवर जाऊन बसतं. म्हणून आम्ही यंत्र आधी टाकीत ठेवून हवा काढून घेतो. तसं केलं, तर काच पांढरीफटक, यंत्र आंधळं! साहेब तडकले. मी सांगून टाकलं, वडील गिरणीतले, अडाणी, त्यांचं हे काम. शनिवारी पुन्हा चाचणी आहे. फसली तर मला काढतील. उपग्रह म्हणजे तुमचा माग नव्हे, बाबा. मी आता घरी येणार नाही.

लोभ माझ्यावर असावा, डब्यावर नको.

दत्ताराम

करी रोड,
ता. २८ ऑक्टोबर

चि. दत्ताराम यास गुणाजीचे आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं फिरलं. मी अडाणी काय? याच अडाण्याच्या पगारावर बी.एस्सी. झालास रे! परक्यापुढे बापाची लाज काढताना जीभ झडली नाही तुझी? कापूर तुझ्या आवशीने ठेवला. एवढा शहाणा, तर डबा बंद करताना तुझे डोळे खंय गेले होते?

तुझा भाऊ रामू मोर्चाला गेला, तेव्हा ती ताट घेऊन दारात येईपर्यंत जिना उतरला होता. तो गोळीबारात गेला. ओवाळलं असतं तर परत आला असता, असं तिच्या मनाने घेतलंय. तू म्हणालास, हा डबा वर गेला की परत येईलच असं नाही. ते तिने ऐकलं, म्हणून ओवाळायचा कापूर आत ठेवला. आता चुलीपुढे बसून रडते, दुसऱ्याचंही मीच वाटोळं केलं म्हणते.

यायचं तर ये, नाहीतर आत्याकडे लोळ.

तुझा बाप

गिरगाव,
ता. २९ ऑक्टोबर

ती. स्व. बाबांस सा. न.

राग अजून आहे, पण आता माझाच मला येतोय. साहेबांना आज सांगितलं, डबा न तपासता मीच बंद केला, वडिलांना बोल लावू नका. ते आणखी भडकले. सगळं खोलून, स्पिरिटने पुसून काढलंय. शनिवारी काय होईल ते होईल.

शुक्रवारी घरी येतो. आईला सांगा, डब्याला नको, मला ओवाळ. शनिवारी ती ताट घेऊन दारात येईपर्यंत मी जिना उतरणार नाही.

दत्ताराम