उष्टं तोंड

सोमवार, २ फेब्रुवारी

आले एकदाची! खारघरच्या पीजीत बॅग टाकली, रूममेट प्राचीने चहा पाजला आणि तशीच बस पकडून जवळच्या पावणे गावी नोकरीवर हजर. चित्रं जतन करायचं शिकले मोठ्या हौसेने, आणि पहिली नोकरी मिळाली कुठे, तर एमआयडीसीतल्या गाळ्यात. एका बाजूला वेल्डिंग, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचे खोके. पण आत काय माल आहे, बाई गं! देवजी म्हात्रे यांची आयुष्यभराची चित्रं भिंतीला टेकवून उभी आहेत. देवजीकाका इथल्याच गावचे. जमीन कारखान्यांत गेली, तशी त्यांनी हा गाळा घेतला आणि चित्रं काढत बसले. मुलगा हरेश आता त्यांचं प्रदर्शन भरवतोय. चित्रं साफ करायची आणि काका ती कशी करत, रंगात काय घालत, कशी टांगत, हे सगळं नोंदवायचं, एवढं माझं काम.

गोची एकच. काका बोलत नाहीत. काही वर्षांपूर्वी वाचा गेली, डॉक्टर लकवा म्हणाले. दिवसभर गाळ्यातच खुर्चीत बसून असतात. ऐकू सगळं येतं, पण मान सतत हलते, त्यामुळे हो म्हणतायत की नाही ते देव जाणे.

संध्याकाळी आईला फोन केला. ती हिंगोलीला, अश्विनकडे, म्हणजे माझ्या भावाकडे. काचबिंदूने डोळे गेल्यापासून तिच्यासाठी मी म्हणजे माझा आवाज. फोन चुकला तर बाई जेवत नाही. आज गाळ्याचं, चहाचं, बसचं, सगळं साग्रसंगीत ऐकवलं तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज सगळ्यात मोठं चित्र बाहेर काढलं. काकांची बायको, गोजराकाकू. हिरवं लुगडं, नाकात नथ, डोळे असे की नजर हटत नाही. फक्त तोंडावर, ओठांच्या जागी, काळं फासल्यासारखी जाड काजळी बसलीय. हरेश म्हणतो, त्या काळी शेजारी भट्टी होती, तिचा धूर असणार. मी काकांना विचारलं, भट्टीचीच ना ही? त्यांची मान जोरजोरात हलली. मी हो लिहून टाकलं.

बाकीच्या चेहऱ्यावर काजळीचा कण नाही. भट्टी भारीच नेम धरून धूर सोडायची म्हणायचं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

दोन-तीन द्रव वापरून पाहिले, काजळी ढिम्म हलेना. शेवटी आमच्या धंद्यातला जुना उपाय काढला, थुंकी! हसू नका, कॉलेजात रीतसर शिकवतात. लाळेत मळ सोडवणारे घटक असतात आणि रंगाला धक्का लागत नाही. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, हलक्या हाताने फिरवायचा. आणि काय सांगू, सुटली की काजळी! खालच्या ओठाची कड दिसली. इतकी जिवंत कड मी कुठल्याच चित्रात पाहिली नाही.

काका अचानक खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर? हरेशने त्यांना समजावून बसवलं. चित्राला दुसऱ्याने हात लावलेला कलावंतांना खपत नाही, हे आम्ही वाचलेलं असतंच. मी तसं नोंदवलं. पण मनगट अजून दुखतंय.

शनिवार, ७ फेब्रुवारी

काकांची बहीण विमलबाई डबा घेऊन आल्या होत्या. मला कापूस तोंडात घालताना पाहिलं आणि वाढणंच थांबवलं त्यांनी. म्हणाल्या, ह्या काय करतंस गो, उष्टा द्यावा तो आपल्या मानसाला, चित्राला कशाला? मी एन्झाइमचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मटणाचा रस्सा मात्र माझ्या ताटात भरपूर वाढला.

रस्सा सपक लागला. आगरी घरचा रस्सा आणि सपक? मीच आजारी पडतेय बहुतेक.

मंगळवार, १० फेब्रुवारी

खालचा ओठ पूर्ण मोकळा, वरचा अर्धा. हरेश जाम खूश आहे.

माझ्या तोंडाला मात्र कोरड पडलीय. पाणी पिऊन पिऊन पोट डब्ब झालं, तरी जीभ टाळूला चिकटते. चव तर कशालाच नाही. प्राचीने मुद्दाम मिरची चावायला दिली, मी चारा खाल्ल्यासारखी खाल्ली आणि ती घाबरली. आवाजही बसलाय. आईने लगेच ओळखलं. हळद-दूध घे माय, म्हणाली. घेतलं.

एक वेड्यासारखी गोष्ट लिहून ठेवते. चित्रातला ओठ ओला दिसतो. बोट लावलं तर रंग कोरडा असतो, पण बोट ओलं होतं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

खारघरला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नळी घालून घसा तपासला. सगळं ठणठणीत आहे म्हणाले, टेन्शन घेऊ नका.

दुपारी गाळ्यात चित्राकडे पाठ करून डबा उघडत होते. मागून कोणीतरी म्हणालं, बाई गं. हळू, लाडात. मी सारखं म्हणते ना, तसंच. माझ्याच आवाजात.

मी काही बोलले नव्हते.

वळून पाहिलं तर काका रडत होते. मी डबा तिथेच टाकून विमलबाईंच्या घरी पळत गेले. आता मात्र त्यांनी सगळं सांगितलं. गोजराकाकू गेल्यावर काकांनी हे चित्र आठवणीने काढलं. तोंड काही केल्या जमेना. ब्रशला टोक यावं म्हणून ते तो सारखा ओठात धरायचे, रंग लावायचे, पुन्हा ओठात. ज्या दिवशी तोंड जमलं त्या दिवशी त्यांची वाचा गेली. मग त्यांनी स्वतःच्या हाताने चुलीची काजळी आणली आणि त्या तोंडावर फासली. विमलबाई म्हणाल्या, दादाचा आवाज खाऊन ती भुकेली रवली होती गो, तू परत भरवलास.

ती काजळी म्हणजे बूच होतं. आणि मी ती थुंकी लावून लावून काढली. काका मान हलवून नाहीच म्हणत होते.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आवाज गेला. पूर्ण. सकाळी प्राचीला हाक मारायला गेले, नुसती हवा आली.

हरेशला मोबाइलवर लिहून दाखवलं, काम सोडतेय म्हणून. सामान उचलायला गाळ्यात गेले आणि तेवढ्यात आईचा फोन. सवयीने उचलला, स्पीकर लागला. आई म्हणाली, बोल की माय, कालपासून आवाज नाही. मी तोंड उघडलं. काही नाही.

मागून उत्तर आलं. बोल आई. माझ्या आवाजात. आधीच्या, स्वच्छ आवाजात.

आई हसली, इतकी हसली. किती गोड झालाय गं तुझा आवाज, म्हणाली. मी फोन बंद करायला धडपडले, फोन खाली पडला. आणि ती मागून बोलतच राहिली. ये ना आई मला भेटायला. पावण्याला ये, गाळ्यातच ये. तुझा हात फिरव माझ्या तोंडावर.

आई म्हणाली, येते गं बाई.

शनिवार, १४ फेब्रुवारी

अश्विनला मेसेजवर मेसेज. आणू नकोस आईला. तो आवाज माझा नाही. माझा आवाज गेलाय.

त्याचं उत्तर — काल तासभर बोललीस आणि आज आवाज गेला? आधी बोलावतेस, मग नको म्हणतेस. आई पिशवी भरून बसलीय. रविवारची गाडी धरतोय.

तासभर. मी तर पडलेला फोन उचलून, बंद करून लगेच पळाले होते. फोन माझ्याकडेच होता — मग आई तासभर कोणाशी —

प्राचीला लिहून सांगितलं, तुझ्या फोनवरून आईशी बोल. ती बोलली. आई म्हणाली, तुम्ही कोण? माझी लेक बोलली माझ्याशी. मला तिचाच आवाज कळतो.

मला खूप भीती वाटते. आई, येऊ नकोस गं.

सोमवार, १६ फेब्रुवारी

गाळ्यात. अ‍ॅसिटोनचा, रंग विरघळवायच्या द्रवाचा, कॅन ओतला तिच्या तोंडावर. रंग हलला नाही. माझे ओठ सोलले गेले. रक्त तिच्यावर सांडलं —

हरेशने ओढून पुढच्या काचेच्या केबिनमध्ये कोंडलंय. मला वेड लागलं म्हणतो. फोनही काढून घेतला. काच फुटत नाही. डायरी पिशवीत होती.

रिक्षा थांबली.

अश्विन बाहेर फाटकापाशी. हरेश त्याला सांगतोय, माझ्याबद्दलच. अश्विन इकडे बघत पण नाही.

आई आत आली. एकटी, काठी टेकत. मी काचेवर धडाधड हात आपटतेय. बाजूचं वेल्डिंग चालू आहे. आई थांबली. इकडे वळली. म्हणाली, कोण हाय? वळली माझ्याकडे! आई, मी, मीच —

चित्रातल्या तिने हाक मारली. आई, इकडे.

आई तिकडे चालली.

काकांनी भिंतीकडे तोंड केलंय.

आई तिचे गाल चाचपतेय. कपाळ. डोळे. हसतेय आई. किती वाळलीस म्हणते. आता ओठ. अॅसिटोनने, माझ्या रक्ताने तिथे सगळं चिकट — आई म्हणतेय, तोंड किती भरवलंस माय, थांब —

पदर काढला कमरेतून. नको. नको ना आई. टोक तोंडात घातलं, ओलं केलं, लहानपणी पुसायची तसंच आता पुस—