विहिरीत पडलेला चेंडू

सर, काल मैदानावर कबड्डीच्या रेघा मारताना तुमची आठवण आली, असं आधी लिहिलं आणि खोडलं. ते उलटं आहे. आठवण आधी आली, म्हणून मी चुन्याच्या फक्कीचा डबा हातात घेतला. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा या शहराला औरंगाबाद म्हणायचे, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. मी इथल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. पन्नाशीला आलोय, डोक्यावरचे केस तुमच्यासारखेच उडालेत. गेल्या वर्षापासून शाळेत माझ्याकडं आणखी एक काम आलंय, मुलांच्या मनाकडं लक्ष देण्याचं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही शांत आहात, तुम्हीच बघा." तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, चहा-बिस्किटं झाली, प्रमाणपत्र मिळालं. बसमधून परत येताना ते मांडीवर धरून मी विचार करत होतो, की हे काम मी कुठंतरी पाहिलंय. मग लक्षात आलं, ते माझ्यावरच झालेलं आहे.

ते आठवलं की मी पुन्हा नववीत आहे. आई जाऊन दोन महिने झालेत. आत्या येऊन चूल पेटवते, वडील रानातून येतात, जेवतात आणि भिंतीकडं तोंड करून झोपतात. माझ्याशी कुणी वाईट वागत नाही, पण कुणी बोलतही नाही, आणि हळूहळू मीही बोलणं सोडून दिलंय. त्या दुपारी मधल्या सुट्टीत मी शाळेमागच्या विहिरीवर उभा आहे, कठड्याचा दगड निखळलाय तिथं. मागून तुमचा आवाज येतो, वर्गात हजेरी घ्यावी तितका साधा. "काय रं, काय बघायलास?" मी म्हणतो, "चेंडू पडला सर." तुम्ही माझ्या शेजारी येऊन उभे राहता आणि वाकून आत बघता. बराच वेळ बघता. "दिसंना," एवढंच म्हणता. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून मला वळवता. "चल, मला रेघा मारायच्यात. सुतळी धरायला कुणी नाय."

तुम्ही आमचे खेळाचे सर, आणि मैदान म्हणजे शाळेपुढचं पांढऱ्या मातीचं वावर. एका टोकाला तुम्ही खुंटी ठोकलीत, दुसरं टोक माझ्या हातात दिलंत आणि मला उकिडवा बसवलंत. खाली भोकं पाडलेला डबा हलवत, वाकून, सुतळीच्या कडेनं तुम्ही माझ्याकडं चालत येत होता. "ओढून धर. पण लई ओढू नको, तुटंल." दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा बोलावलंत. कालच्या रेघा पोरांनी तुडवून पुसल्या होत्या, त्यामुळं काम कधी संपतच नव्हतं. चौथ्या की पाचव्या दिवशी मी बोललो. आईच्या शेवटच्या दिवसांत मी तिच्याजवळ बसायला कंटाळायचो, हे मी तुम्हाला सांगितलं, जमिनीकडं बघत. तुम्हीही जमिनीकडंच बघत होता. तुम्ही रेघ पूर्ण केलीत, डबा खाली ठेवलात आणि म्हणालात, "लेकरं कंटाळतात. आईला ते म्हाईत असतं." त्या वाक्यावर मी आजपर्यंत जगलोय, सर. पुढच्या बाजाराला तुम्ही पाचोडहून एक लाल रबरी चेंडू आणलात. "तुझा विहिरीत गेला ना? हा घे." मी तो दोन्ही हातांनी घेतला. आमच्या घरात तुमच्यासाठी चहाचा कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा, आणि त्या कपातला चहा पिऊन तुम्ही माझ्या वडिलांशी माझ्याबद्दल तासभर बोलला होता. कप तेव्हाही मला दिसत होता. मी मोठा झाल्यावर तो फोडला. तेही तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

एकदाच तुम्ही मला रागावलात. एका पोरानं त्याच्या दारुड्या बापावर निबंध लिहिला होता आणि वही माझ्याकडं शुद्धलेखन बघायला दिली होती. मला तो निबंध इतका आवडला, की मी तो वर्गात मोठ्यानं वाचला. वर्ग हसला. तुम्ही मला बाहेर बोलावलंत. "त्यानं ते तुला दिलं व्हतं, का सगळ्या वर्गाला?" तेवढंच. मला वाटलं होतं, हा धडा मी कधी विसरणार नाही.

तर आमच्या शाळेत एक खोली मिळाली, प्रयोगशाळेला लागून. दारावर 'संवाद कक्ष' अशी पाटी लावली, आत समोरासमोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या, भिंतीवर उगवत्या सूर्याचं चित्र चिकटवलं. दर मंगळवारी एक समुपदेशक मॅडम येतात, शहाण्या आणि मनमिळाऊ. पण खोलीचं दार नववीच्या वर्गांसमोर उघडतं. आत कोण गेलं ते अख्ख्या मजल्याला दिसतं. आठ दिवसांत तिचं नाव 'येड्यांची खोली' पडलं. मी जिन्यात ऐकलं. "अबे जा ना तू, तेरा स्क्रू ढिला है." "मैं नई जाता. सर लोगां सीधा मम्मीको फोन करते." मॅडम मंगळवारभर एकट्या बसायच्या, स्वेटर विणायच्या. मग मी व्हरांड्यात कुलूप लावलेली एक पेटी ठेवली. मनातलं लिहा, नाव घालू नका, असं सगळ्या वर्गांत सांगितलं. पहिल्या आठवड्यात गणिताच्या सरांविरुद्ध तक्रारी आल्या, कँटीनच्या समोशाबद्दल आल्या, एक प्रेमपत्रही आलं. दुसऱ्या आठवड्यात पेन्सिलनं लिहिलेला एक कागद निघाला. "सकाळी डोळे उघडूच नयेत असं वाटतं. रोज वाटतं. कुणाला सांगू कळत नाही."

तो कागद मी त्याच क्षणी मॅडमकडं न्यायला हवा होता. मी काय केलं ते ऐका. दुसऱ्या दिवशी परिपाठाला, प्रार्थना झाल्यावर, मी माईक घेतला. मी तो कागद वाचून दाखवला. ज्यानं लिहिलंय त्यानं भिऊ नये, अख्खी शाळा त्याच्यासोबत आहे, असं म्हणालो, आणि हे धाडस बघा म्हणून कागद सगळ्यांसमोर उंच धरला. नववीतली एक मुलगी रोज सकाळी दर्शनी फळ्यावर सुविचार लिहायची. तिचं वळणदार अक्षर सगळ्या शाळेच्या नजरेत बसलेलं होतं. वर्षभर तिच्या वह्या तपासणाऱ्या मला घाईतलं ते अक्षर ओळखू आलं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या पोरींना आलं. मधल्या सुट्टीपर्यंत जिना तिच्या मागं लागला. "गुड मॉर्निंग मॅडम! उघडले का डोळे?" दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फळ्यावर जुनाच सुविचार राहिला. त्याच्यापुढं उभं राहिल्यावर मला सगळं कळलं, आणि तुमचा आवाज ऐकू आला, सर. तुला दिलं व्हतं, का सगळ्या वर्गाला?

त्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी आणि तिच्या वर्गशिक्षिका बाई तिच्या घरी गेलो. जाताना वाटभर मी मनात नाव घेत होतो, देवाचं, ती सुखरूप असू दे म्हणून. दोन खोल्यांचं घर, दारात शिलाई मशीन. आई ब्लाऊजवरून उठली. "या सर. बसा बाई. लेकरू बोलंचना बघा. ताटावर बसते न् उठते. मी म्हणलं कुणाची नजर लागली, मीठ-मिरच्या उतरून टाकल्या." मुलगी आतल्या खोलीत होती, भिंतीकडं तोंड करून. ती पाठ बघून मला माझे वडील दिसले. मी उंबऱ्याबाहेर खाली बसलो. म्हणालो, "बाळा, चूक माझी झाली. तू मला लिहिलं होतंस आणि मी ते सगळ्यांना दाखवलं. मला माफ कर." प्रशिक्षणात शिकवलेलं पुढचं काही मला आठवेना. तोंडातून आपोआप निघालं, "उद्या सकाळी मैदानावर रेघा मारायच्यात. सुतळी धरायला कुणी नाही." निघताना आईला दारात बाजूला घेऊन सांगितलं, की आज तिला एकटं सोडू नका, जवळ घेऊन झोपा. मॅडमना तिथूनच फोन लावला. त्या फोनवर मला जे बोलल्या, ते मी ऐकून घेतलं. ते बरोबरच होतं. "उद्या मीही येते," त्या शेवटी म्हणाल्या.

ती आली. आईसोबत, शाळेचा गणवेश घालून, वेणी घट्ट बांधून. आई आणि मॅडम पायरीवर बसल्या. मी खुंटी ठोकली, सुतळीचं टोक तिला दिलं. दोन रेघा मारून झाल्या. तिसऱ्या रेघेला मी निम्म्यावर आलो तेव्हा ती म्हणाली, "सर, मी येडी आहे का?"

"नाही."

"पोरी म्हणतात."

"पोरींना त्या रस्त्याला लावलं मीच."

मी चालत राहिलो. डबा हलत होता, फक्की पडत होती. "मला खरंच उठू वाटत नाही," ती सुतळीला म्हणाली. "आई मशीनवर बसली असते, पप्पा कंपनीत. मला काही झालेलंपण नाही. तरी पण."

स्पष्ट विचारायचं असतं, असं आम्हाला शिकवलंय. विचारल्यानं तसलं काही डोक्यात शिरत नाही, उलट पोरांना हलकं वाटतं. पण सर, जीभ कोरडी पडते हो. मी विचारलं, "जीव द्यावा असं येतं का मनात?"

"येतं. कधीकधी." मग बोटानं दाखवत, "सर, रेघ वाकडी गेली."

खरंच गेली होती. मी डबा खाली ठेवला, पण तिच्या समोर जाऊन बसलो नाही, शेजारीच बसलो. म्हणालो, "हे मी माझ्यापाशी ठेवणार नाही. मॅडमना आणि आईला कळलंच पाहिजे. आधी कुणाला सांगायचं, ते तू ठरव." तिनं विचार केला. "आधी मॅडमला. आईला मीच सांगते. तुम्ही फक्त तिथं उभे राहा." उठता उठता तिनं विचारलं, "सर, तुम्हाला झालतं का असं कधी?" माझ्या तोंडून कित्येक वर्षांनी गावातला शब्द आला. "व्हय." "मग?" "मग एका सरांनी सुतळी धरायला बोलावलं." ती माझ्याकडं बघून म्हणाली, "सर, काहीपण!" पण हसली, जराशी.

पुढचं सगळं सरळ झालं नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडं न्यायचं म्हटल्यावर तिचे वडील उसळले. "माझ्या पोरीला पागल ठरवता का?" मॅडमनी त्यांना दोनदा बसवून समजावलं, तिसऱ्यांदा ते स्वतःच तिला मोटारसायकलवर घेऊन गेले. गोळ्या चालू आहेत. काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत. जे दिवस बरे जात नाहीत ते आता ती सांगते. फळ्यावरचा सुविचार पुन्हा रोज बदलतो. चिडवणाऱ्या पोरींना मी भाषण दिलं नाही. एकेकीला मैदानावर नेलं. त्यातल्या एकीनं जे सांगितलं, ते ऐकून तर मला तिचाही राग धरता आला नाही. पेटीची किल्ली मी मॅडमकडं दिली. खोलीतल्या खुर्च्या काढल्या. मॅडम आता मंगळवारी निंबाखाली बसतात, लोकरीचा गुंडा करायला पोरं शेजारी बसतात, दोऱ्याकडं बघत बोलतात. मॅडमनी मला विचारलं, "सर, ही पद्धत कुठल्या पुस्तकातली?" आमच्या शाळेतले खेळाचे सर मात्र वैतागलेत. "मराठीचे सर, मॅच एक न् रेघा शंभर! फक्की पुरंना."

मी सोमवारी जमेल तेव्हा वेरूळला दर्शनाला जातो. हात जोडले की देवाच्या आधी तुम्ही आठवता. तुम्ही देव मानत नव्हता, तुमच्या घरी बुद्धवंदना व्हायची. मी मागं एकदा तुमच्या नावानं दिवा लावला, चालवून घ्या. या कागदाला पत्ता नाही. घडी घालून टेबलाच्या खणात ठेवीन, तिथं तो लाल चेंडू आहे, आता भेगा पडलेला. एक गोष्ट त्या पोरीला सांगितली आणि तुम्हाला कधी सांगितली नाही, हे मला बरोबर वाटत नाही, म्हणून हे सगळं लिहिलं. तुम्ही दिलेला तो चेंडू मी त्याच उन्हाळ्यात रानातल्या हौदात टाकून पाहिला होता. तरंगला. रबरी चेंडू बुडत नाही, हे खेळाच्या मास्तराला माहीत नसेल होय? तरी तुम्ही पाण्याकडं इतका वेळ बघत राहिलात, आणि मला खोटं पाडलं नाहीत. सर, त्या दिवशी विहिरीत काही पडलं नव्हतं. माझ्याकडं चेंडूच नव्हता.